घोसातले सहा

मासे घ्यायला नवी बाई आली की दमयंती आधी तिची शिकवणी घ्यायची. "कल्ले काय उघडून बगतस? डोले बग, डोले. डोला काचेवानी आसंल त मासा आजचा. पांडुरका दिसला त माज्या तोंडावर मार." असं म्हणत ती जिताड्याचं डोकं उचलून त्या बाईच्या थेट नाकाशी न्यायची. बाई घाबरून मागं सरकली की शेजारच्या पाट्यांवर हशा पिकायचा.

पनवेलच्या मच्छीबाजारात तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. नव्या पनवेलच्या वसाहतीत ती पाटी घेऊन फिरायची तेव्हा जिन्यातली मांजरंसुद्धा तिला वचकून असायची. पण शिळा मासा ताजा म्हणून तिनं कधी कुणाच्या गळ्यात मारला नाही, हे तिच्याशी कडाकडा भांडणाऱ्या गिऱ्हाइकांनाही कबूल होतं. आयुष्यात एकदाच तिनं शिळ्याला ताजं म्हणू दिलं. बाजारात नव्हे, खाडीच्या धक्क्यावर. आणि तोंडानंही नव्हे, नुसत्या हातानं. तिच्याबद्दल सांगायचं तर तेच सांगावं लागतं, बाकीचं आयुष्य चार कोळणींसारखंच गेलं.

तिचा नवरा दयाराम तांडेल. म्हणजे होडीचा म्होरक्या, सुकाणू त्याच्या हाती. होडी त्यांच्या भावकीची, आणि भावकीत सुकाण्याचा मान कुणाला द्यायचा याची एक रीत होती. त्रिपुरी पौर्णिमा झाली, चंद्र उशिरा उगवायला लागला, की एका संध्याकाळी सगळे धक्क्यावर जमायचे. अंधार पडता पडता प्रबळगडाच्या डाव्या अंगाला ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका वर आलेला असायचा. पंचांगात त्याला कृत्तिका म्हणतात. या घरात त्याला घोस म्हणत. तांडेलानं होडीच्या नाळीपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, उभं राहून घोसातले तारे मोजायचे. त्याच्या बायकोनं नारळ हातात धरून विचारायचं, "किती?" तो "सहा" म्हणाला की बायकोनं नारळ नाळीवर फोडायचा. मग वर्षभर सुकाणू त्याचं. सहापेक्षा कमी म्हणाला, तर नारळ न फोडता पुढच्या तांडेलाच्या बायकोच्या हाती द्यायचा, आणि म्हाताऱ्यानं उद्यापासून जाळी विणत बसायचं.

आता कुणीही म्हणेल, हा काय खुळेपणा? उत्तर तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. डोळे मिटून सहा म्हणावं आणि मोकळं व्हावं! दमयंतीलाही नवी नवरी असताना असंच वाटलं होतं. तेव्हा तांडेल होते तिचे सासरे, दाजी. अंगानं ताडमाड, आवाज असा की दाजींनी धक्क्यावरून हाक मारली तर पलीकडच्या तीरावरची माणसं वळून बघायची. त्या संध्याकाळी दाजी बराच वेळ वर बघत राहिले. सासूनं विचारलं, "किती?" दाजी म्हणाले, "च्यार." सासूला वाटलं, चेष्टा करतायत. तिनं पुन्हा विचारलं. दाजी म्हणाले, "च्यारच हान माज्यापुरते." आणि सासूनं मुकाट्यानं नारळ दमयंतीच्या ओंजळीत ठेवला.

घरी आल्यावर न राहवून दमयंतीनं विचारलं होतं, "सहा बोलले आसते त कोन इचारनार हुता तुमाला?" दाजी हसले. म्हणाले, "मानसा नाय इचारत, पोरी. पन रातचा खडक इचारून येतो का?" त्यानंतर दाजी त्या होडीत कधीही मागच्या बाजूला, सुकाण्यापाशी, बसले नाहीत. ती रीत टिकली होती ती एवढ्यावरच. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही कुणी खोटं बोललं नव्हतं.

दयारामनं पुढं कितीतरी वर्षं सहा मोजले, आणि खरेच मोजले. मधल्या काळात खाडी बदलली. तळोज्याच्या कारखान्यांचं पाणी येऊन मिळायला लागलं, भरतीबरोबर मेलेली बोय मासळी पोटं वर करून किनाऱ्याला लागायला लागली. कोळंबीला घासलेटाचा वास येतो म्हणून गिऱ्हाइकं नाकं मुरडायची, आणि दमयंतीला खोटं बोलता येत नसल्यानं ती गप्प बसायची. जवळ मासा मिळेना, तेव्हा होड्यांना लांब, बंदराच्या वाटेवर जावं लागे. तिकडं उरणच्या अंगाला नवं बंदर उभं राहिलं होतं. त्याच्या दिव्यांनी रात्रीचं आभाळ खालून पिवळं व्हायचं. "घोसपन आता इरल झालाय," म्हातारे म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

दयारामला त्या दिव्यांचा फार आधार झाला. चहाचा कप हाताला न लागता कलंडला, की दिवे. उंबऱ्याला ठेच लागली, की दिवे. दिवसाढवळ्या दारात उभ्या असलेल्या कमळाकरला, सख्ख्या चुलतभावाला, त्यानं "कोन?" म्हणून विचारलं, तेव्हा मात्र दमयंती चमकली. दिवसा कुठले आले दिवे?

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला अंगणात उन्हात बसवलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि अंगठ्यानं पापणी ओढली. बुबुळावर पांढुरकी साय धरली होती. दुसऱ्या डोळ्यातही तेच. उभं आयुष्य ती बायकांना हेच तर दाखवत आली होती.

"काय गो," दयाराम म्हणाला, "शिला झालू का?"

ती हसायला गेली आणि रडली. मग रडल्याचा राग येऊन त्याच्यावरच ओरडली, "डाक्टरकडं चला!"

वसाहतीतल्या नीताताई बँकेत नोकरीला. शुक्रवारची कोळंबी त्यांची ठरलेली. त्यांनीच सांगितलं होतं की नवरात्रात शाळेत डोळ्यांचं शिबिर असतं, मोतीबिंदू फुकटात काढून देतात, "अगं, माझ्या सासूबाईंचा काढला, आता टीव्हीवरची अक्षरं वाचतात." दमयंतीनं ते नवऱ्याला सांगितलं. तो ताडकन उठला.

"येडी झालीस? तांडेल डोल्यांच्या रांगत बसला त उंद्या आख्ख्या कोलीवाड्यात बोभाटा. सुकानू जाईल कमलाकरकडं. कुंदनचा हात आजून बसला नाय. ह्यो येक हिवाला त्याला माज्या हाताखाली शिकू दे. मंग मी सोताच च्यार बोलन आन तुजा नारल किशोरीच्या हातान देशील. येकच हिवाला, दमे."

कुंदन हा त्यांचा एकुलता एक. बापासारखा उंच, आईसारखा बोलका. त्याची बायको किशोरी जासईची, नुकतीच पोटुशी राहिली होती. सुकाणू एकदा कमळाकरच्या घरात गेलं की त्याच्या पोरांकडं जाणार, कुंदन जन्मभर दुसऱ्याच्या हुकमात नाळीवर बसणार, हे दमयंतीलाही दिसत होतं. तिनं शिबिराचा विषय पुन्हा काढला नाही. नवरात्र आलं आणि गेलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी दयाराम अंगणातल्या जाळ्यात पाय अडकून पडला. किशोरीनं त्याला उठवलं. आत येऊन ती चुलीपाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आये, बाबांना नीट दिसतं ना? हे नालीवर बसतान. मना भ्या वाटतं."

"तुज्या-माज्यापेक्षा जास्त दिसतं त्यांना," दमयंती म्हणाली. "तू भाकर बग, करपंल."

भाकरी करपली नाही. किशोरीनं सासूच्या शब्दावर विश्वास ठेवला. बाजारात सगळेच ठेवायचे.

मोजणीच्या आदल्या दिवशी नवराबायको याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत. फक्त निजताना दयाराम म्हणाला, "उंद्या नारल घेऊन येशील ना?" आणि ती म्हणाली, "येईन." एवढ्यात सगळं ठरलं.

धक्क्यावर भावकी जमली. खाडीवरून गार वारा येत होता. घोस वर आला होता, धुरकट पण स्वच्छ ओळखू येईल असा. दमयंतीचे डोळे घारीचे, तिला सहाच्या सहा दिसत होते. दयाराम नाळीपाशी उभा राहिला. छाती पुढं, हात कमरेवर, अगदी दाजींचा अवतार. त्यानं तोंड वर केलं. ते तोंड तळोज्याकडं होतं. तिथं कारखान्याच्या धुराला खालच्या दिव्यांनी तांबूस रंग चढला होता, आणि त्याला तेवढाच उजेड दिसत असावा. घोस होता त्याच्या उजव्या खांद्यावर. मागं उभ्या असलेल्यांना त्याची पाठ दिसत होती आणि ते सगळे स्वतःच घोस शोधत होते. चेहरा दिसत होता एकट्या दमयंतीला.

तिनं विचारलं, "किती?"

"सहा," दयाराम म्हणाला. आवाज खणखणीत.

त्या क्षणी तिच्या हातात नारळ होता. तिनं काही बोलायलाही नको होतं, नुसता हात खाली घेतला असता तरी पुरे होतं. रीतच तशी होती, बायकोचा हात थांबला की मोजणी थांबली. दाजींची तिला आठवण झाली नाही असं नाही. पण तिला कुंदन दिसला, मागं गर्दीत हसत उभा असलेला, आणि तिला वाटलं, एकच हिवाळा तर आहे. तिनं नारळ उचलला आणि नाळीवर असा आपटला की पाणी तिच्याच तोंडावर उडालं. लोकांनी आरोळी दिली. कमळाकरनं पुढं होऊन दयारामच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हिवाळाही पुरा गेला नाही.

माघाच्या थंडीत होडी बंदराकडून परत येत होती. दिवस नुकताच मावळला होता. एरवी कमळाकर जोडीला असायचा, त्या दिवशी तो तापानं घरी होता. होडीत बापलेक दोघंच. बंदराचे दिवे लागले होते, आणि मोतीबिंदूच्या डोळ्याला दिवा म्हणजे नुसता पसरलेला पांढरा गोळा. दोन गोळ्यांच्या मधे काळोख होता. तिथं पाणी मोकळं आहे असं दयारामला वाटलं. तिथं एक बार्ज, माल वाहायचा लोखंडी तराफा, नांगरून ठेवला होता. त्याच्यावर दिवा नव्हता. नाळीवरून कुंदन ओरडला, "बाबा, डावीकडं घ्या! डावीकडं!" इंजिनाच्या धडधडीत शब्द उशिरा पोचले आणि सुकाणू त्याहून उशिरा वळलं. नाळ बार्जवर आदळली. होडी तरली. बार्ज आणि होडी यांच्या मधे सापडलेला कुंदन राहिला नाही.

दयारामनं त्याला एकट्यानं वर ओढून घेतलं आणि त्याला मांडीवर धरून, दुसऱ्या एका होडीनं दोरी लावून ओढत आणेपर्यंत तसाच बसून राहिला. धक्क्यावर दमयंती पोचली तेव्हा तो पोराच्या तोंडावरून हात फिरवत होता. बघत नव्हता, चाचपत होता. तिनं ते पाहिलं.

कोळीवाडा बार्जवाल्यांच्या नावानं पेटून उठला. दिवा नव्हताच, त्यामुळं कुणाला दुसरी शंका घ्यायचं कारण नव्हतं. बायका बोटं मोडत होत्या, पुरुष पोलिसात जाऊन आरडाओरडा करून आले. दयारामला कुणी बोल लावला नाही. उलट येणारा-जाणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "तुमचा काय दोष, तांडेल." तो मान खाली घालून ऐकायचा. दमयंती आत चुलीपाशी बसून ऐकायची. आणि किशोरी कोपऱ्यात बसून दोघांकडं बघायची. पावसाळ्याच्या तोंडावर तिला मुलगी झाली. नाव ठेवायला कुणाचं मन होईना, म्हणून ती नुसतीच बाय राहिली.

होडीची नाळ दुरुस्त झाली. कमळाकर ती तात्पुरती चालवू लागला, पण सुकाण्याला हात लावताना दर वेळी दयारामला विचारायचा. भला माणूस होता तो. याच माणसाच्या हाती सुकाणू जाऊ नये म्हणून एवढा अट्टहास केला होता, हे दमयंतीला आठवे आणि तिला त्याच्याकडं बघवत नसे.

नवरात्र आलं तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "डोले दाखवाला चला." तो उठून उभा राहिला. बोभाट्याची भीती आता कुणाला होती? नीताताईंनी चिठ्ठी दिली, दमयंती त्याला रिक्षात घालून शाळेत घेऊन गेली. मुलांची बाकं एकीकडं सारून खाटा मांडल्या होत्या. एक डोळा झाला, हातात औषधाची बाटली दिली आणि पुढच्या खाटेवरच्याला आत घेतलं. बाहेर बसलेल्या दमयंतीचा अजून चहाही पिऊन झाला नव्हता. एवढंसं काम. एवढ्याशा कामासाठी आपण पोर घालवलं, असं तिच्या मनात आलं आणि तिनं हातातला चहा तसाच गटारात ओतला.

पुढं जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो लावून दयारामनं पहिल्यांदा बायकोकडं पाहिलं. "म्हातारी झालीस गो," तो म्हणाला. मग त्यानं भिंतीवरच्या कुंदनच्या फोटोकडं पाहिलं. हार घातलेला तो फोटो घरात आल्यापासून त्याला नीट दिसलाच नव्हता. तो जवळ गेला, नाक काचेला लागेपर्यंत जवळ. "हा सदरा कवा घेतलान त्यानी?" त्यानं विचारलं. दोन वर्षांपूर्वीचा सदरा होता.

त्रिपुरी पौर्णिमा उलटली. कमळाकर दारात आला. "दादा, सुकानू तुमचाच. चष्म्याचा काय, चष्म्यानी मोजा. आमी सगल्यांनी ठरवलाय. पोर गेला, मान तरी जावाचा नाय." दयारामनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाला, "येतू."

दमयंतीनं नारळ घेतला. किशोरीही निघाली, बायला पदराखाली धरून. धक्क्यावर गेल्या वर्षीपेक्षा जास्त माणसं होती; आपल्या माणसाचा मान राखायला आलेली. कमळाकरची बायको शशिकला पुढं होऊन दमयंतीच्या बाजूला उभी राहिली आणि तिनं तिचा हात दाबला. एवढी माया दमयंतीला सोसवेना.

दयाराम नाळीपाशी गेला. या वेळी त्यानं तोंड बरोबर वळवलं. प्रबळगडाच्या डाव्या अंगाला घोस होता. तो बघत राहिला, आणि जाड काचांच्या खालून त्याच्या गालांवर पाणी यायला लागलं.

"किती?" दमयंतीनं विचारलं.

"सहा," तो म्हणाला.

लोक आरोळी द्यायच्या बेतात होते. त्यानं हात वर केला.

"आज सहा हान. गेल्या सालाला येक पन नव्हता. मना काय पन दिसत नव्हता. मी खोटा बोललू. बार्जवर दिवा नव्हता ह्या खरा, पन दिवा आसता तरी मना समजला नसता. माजा पोर मी मारला."

त्यानं दमयंतीचं नाव घेतलं नव्हतं. सगळं त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं होतं, आणि अख्खा कोळीवाडा एकट्या त्याच्याकडं बघत होता.

किशोरी मात्र सासूकडं बघत होती.

ती दोन पावलं पुढं आली. रडत नव्हती. "आये," ती म्हणाली, "मी तुमाला इचारलं व्हतं. चुलीपाशी. तुमाला म्हाईत व्हतं?"

इतकी वर्षं बाजारात जिच्या तोंडाचा पट्टा कुणाला आवरला नाही, तिला एक शब्द काढायला फार वेळ लागला. नाही म्हणता आलं असतं. दयारामनं तिच्यासाठी तेवढी जागा ठेवली होती. त्याचे ओठ हलले, तो मान हलवून तिला नको म्हणत होता.

"व्हतं," दमयंती म्हणाली.

किशोरीनं मान डोलावली, जणू भाव विचारला आणि उत्तर मिळालं. तिनं बायला खांद्यावर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ येऊन तिला जासईला घेऊन गेला. ती पुन्हा त्या घरात आली नाही. बायचं नाव काय ठेवलं ते दमयंतीला पुढं पुष्कळ दिवसांनी बाजारात कुणा जासईकरणीकडून कळलं.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी धक्क्यावर माणसं एकेक करून पांगली. दमयंतीनं हातातला नारळ शशिकलेच्या ओंजळीत ठेवला, न फोडता, सासूनं तिच्या ओंजळीत ठेवला होता तसा. शशिकला रडत होती. कमळाकरनं दयारामला धरून घराकडं नेलं.

दमयंती एकटी नाळीपाशी उभी राहिली. तिनं वर पाहिलं. दिव्यांचा पिवळटपणा होता, तळोज्याचा धूर होता, तरी तिला घोस दिसत होता, आणि घोसातले सहाच्या सहा. तिला ते गेल्या वर्षीही दिसले होते.